ॲस्बेस्टॉसजन्य विकार : दीर्घ सुप्तकाळ आणि नोंदींचा प्रश्न

प्रस्तावना

महाराष्ट्रात 'सिमेंटचा पत्रा' या नावाने ओळखले जाणारे नागमोडी छप्पर गावातील गोठ्यापासून शहरातील झोपडवस्तीपर्यंत आणि कारखान्याच्या शेडपासून महाविद्यालयाच्या सायकल स्टँडपर्यंत सर्वत्र आढळते. जुन्या पत्र्याच्या तुटलेल्या कडेकडे निरखून पाहिल्यास त्यात बारीक, पांढुरके तंतू दिसतात. हे तंतू ॲस्बेस्टॉस या खनिजाचे असतात. पत्र्यात त्यांचे प्रमाण साधारणतः दहा टक्क्यांच्या आसपास असते व उर्वरित भाग मुख्यत्वे सिमेंटचा असतो. हे खनिज स्वस्त आणि टिकाऊ असून ते आगीला दाद देत नाही. त्यामुळेच विसाव्या शतकात त्याचा प्रसार जगभर झाला. ते मानवी फुप्फुसाला घातक आहे हेही त्याच शतकात निर्विवादपणे सिद्ध झाले.

ॲस्बेस्टॉसमुळे होणाऱ्या विकारांची वैद्यकीय माहिती आता नवी राहिलेली नाही. तथापि या विकारांचे एक वैशिष्ट्य असे आहे की, त्यांच्याविषयीचे सर्व सामाजिक व कायदेशीर प्रश्न त्यातूनच उद्भवतात. तंतू श्वासावाटे शरीरात जाणे आणि रोग प्रकट होणे यांच्यामध्ये वीस, तीस, प्रसंगी पन्नास वर्षांचा काळ जातो. एवढ्या अवधीत कामगार निवृत्त झालेला असतो, कारखाना बंद पडलेला असतो आणि हजेरीपटाला वाळवी लागलेली असते. कारण आणि परिणाम यांना जोडणारा दुवा केवळ नोंदींतच शिल्लक राहू शकतो. नोंद नसेल तर रोग असतो, परंतु त्याचे कारण उरत नाही. प्रस्तुत लेखात ॲस्बेस्टॉसच्या आरोग्यविषयक परिणामांचे विवेचन या दृष्टिकोनातून केले आहे.

खनिजाचे स्वरूप

'ॲस्बेस्टॉस' हा मूळ ग्रीक शब्द असून त्याचा अर्थ 'न विझणारा' असा होतो. व्यवहारात हे एका खनिजाचे नाव वाटत असले तरी प्रत्यक्षात ते तंतुमय रचना असलेल्या सहा सिलिकेट खनिजांचे सामूहिक नाव आहे. त्यांपैकी क्रायसोटाइल म्हणजे पांढरे ॲस्बेस्टॉस हे सर्पेंटाइन गटातील असून त्याचे तंतू कुरळे व लवचिक असतात. क्रोसिडोलाइट म्हणजे निळे, ॲमोसाइट म्हणजे तपकिरी, तसेच ट्रेमोलाइट, ॲक्टिनोलाइट व अँथोफिलाइट हे उर्वरित पाच प्रकार अँफिबोल गटात मोडतात. त्यांचे तंतू सरळ व सुईसारखे असतात. आजवर जगात वापरल्या गेलेल्या ॲस्बेस्टॉसपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक भाग क्रायसोटाइलचा होता.

दगडाचा सूतासारखा पिंजून धागा काढता येतो, हे या खनिजाचे वेगळेपण होय. त्यापासून कापड, दोर, हातमोजे, बॉयलर व वाफेच्या नळ्यांवरील आवरणे, वाहनांची ब्रेक लायनिंग, पाण्याचे पाइप आणि छपराचे पत्रे तयार केले गेले. तंतू उभा चिरत जातो व अधिकाधिक बारीक होतो. त्याचा व्यास इतका सूक्ष्म होऊ शकतो की तो डोळ्यांना दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. हवेत तो तासन्‌तास तरंगत राहतो. याच कारणाने कामगाराला धोक्याची कोणतीही तत्काळ जाणीव होत नाही. क्लोरीनसारखा वायू डोळे झोंबवतो, आम्ल त्वचा जाळते, पण ॲस्बेस्टॉसची धूळ त्या दिवशी काहीच करत नाही.

फुप्फुसात काय घडते

श्वासावाटे येणारे मोठे धूलिकण नाक व श्वासनलिकेत अडकतात आणि कफाबरोबर बाहेर पडतात. ॲस्बेस्टॉसचे लांब पण अतिशय बारीक तंतू मात्र हवेच्या प्रवाहाला समांतर राहून थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात. तेथे परक्या कणांना गिळून टाकणाऱ्या भक्षक पेशी त्यांच्यावर धावून जातात. या पेशींचा आकार सुमारे दहा ते वीस मायक्रॉन असतो. तंतू त्याहून लांब असेल तर पेशी त्याला पूर्णपणे वेढू शकत नाही. अर्धवट गिळलेल्या तंतूभोवती ती क्रियाशील ऑक्सिजन रेणू व दाहकारक द्रव्ये सोडत राहते आणि शेवटी स्वतः नष्ट होते. तिच्या जागी दुसरी पेशी येते व तोच प्रकार पुन्हा घडतो. तंतू विरघळत नाही, विशेषतः अँफिबोल गटातील तंतू तर दशकानुदशके तसाच राहतो. काही तंतूंवर लोहयुक्त प्रथिनांचा थर साचून सोनेरी तपकिरी रंगाचे, मुद्गलासारखे दिसणारे 'ॲस्बेस्टॉस पिंड' तयार होतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते दिसणे हा संपर्काचा महत्त्वाचा पुरावा मानला जातो.

या अखंड दाहातून फुप्फुसाच्या मऊ, लवचिक ऊतीच्या जागी कठीण तंतुमय ऊती निर्माण होते. यालाच ॲस्बेस्टॉसिस म्हणतात. प्रारंभी चढण चढताना दम लागतो, पुढे सपाट जमिनीवरही लागतो. कोरडा खोकला येतो, बोटांची टोके फुगीर होतात. स्टेथोस्कोप लावल्यास फुप्फुसाच्या तळाशी श्वास घेण्याच्या अखेरीस बारीक करकर ऐकू येते. क्ष-किरण चित्रात मुख्यतः खालच्या भागात अनियमित रेषा दिसतात. क्षयरोगाच्या खुणा बहुधा वरच्या भागात असतात, हा फरक निदानाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे आणि दुर्दैवाने तो नेहमीच लक्षात घेतला जातो असे नाही. ॲस्बेस्टॉसिस बरा होत नाही. कामगाराला धुळीपासून दूर केल्यानंतरही तो वाढत राहू शकतो, कारण धूळ बाहेर थांबली तरी आतली धूळ आतच असते.

फुप्फुसावरणावर होणारे परिणाम वेगळे आहेत. त्यावर चुनखडीसारखे पांढरे चट्टे पडतात. चट्ट्यांमुळे स्वतंत्रपणे फारसा त्रास होत नसला तरी तंतू शरीरात गेल्याची ती खूण असते. काही रुग्णांत फुप्फुसावरणात पाणी साचते, तर काहींत ते सर्वत्र जाड होऊन श्वसनाला अडथळा आणते.

फुप्फुसाचा कर्करोग हा ॲस्बेस्टॉसमुळे होणाऱ्या मृत्यूंचा एक प्रमुख घटक आहे. धूम्रपानाशी असलेले त्याचे नाते विशेष अभ्यासनीय होय. अमेरिकेतील उष्णतारोधक आवरणे बसविणाऱ्या कामगारांविषयी १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, धूम्रपान न करणाऱ्या पण ॲस्बेस्टॉसच्या संपर्कात आलेल्या कामगारांमध्ये या कर्करोगाने मृत्यू येण्याचे प्रमाण सामान्यांच्या सुमारे पाच पट होते. केवळ धूम्रपान करणाऱ्यांत ते सुमारे अकरा पट होते, तर दोन्ही असलेल्यांत पन्नास पटीहून अधिक होते. म्हणजे दोन धोक्यांची येथे बेरीज होत नाही, जवळपास गुणाकार होतो. भारतीय संदर्भात याची दुसरी बाजूही आहे. रुग्ण बिडी ओढत होता एवढे कळले की डॉक्टरांचे, नातेवाइकांचे आणि मालकाचेही समाधान होते व पुढील चौकशी तेथेच थांबते.

मेसोथेलिओमा हा फुप्फुसावरणाचा वा उदरावरणाचा कर्करोग एरव्ही अतिशय दुर्मिळ आहे. धूम्रपानाशी त्याचा संबंध नाही, ॲस्बेस्टॉसशी मात्र अतिशय निकटचा आहे. तो तुलनेने अल्प संपर्कानंतरही होऊ शकतो आणि निदान झाल्यानंतर बहुसंख्य रुग्ण सुमारे वर्षभर, फार तर दोन वर्षे जगतात. २००४ नंतर उपलब्ध झालेली रासायनिक औषधे आणि २०२० नंतर रूढ झालेली प्रतिकारशक्तीवर आधारित उपचारपद्धती यांमुळे आयुष्य काही महिन्यांनी वाढते, इतकेच. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या खंडात स्वरयंत्र व बीजांडकोश यांच्या कर्करोगालाही ॲस्बेस्टॉस कारणीभूत ठरते असा निष्कर्ष नोंदविला. सर्व सहाही प्रकारांना तिने मानवी कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात स्थान दिले आहे.

माहिती केव्हा झाली

ॲस्बेस्टॉसचा धोका उशिरा कळला, असा एक समज आहे. इतिहास तसे सांगत नाही. इंग्लंडमधील कारखाना निरीक्षक लूसी डीन यांनी १८९८ सालच्या अहवालातच या धुळीची दखल घेतली होती. सूक्ष्मदर्शकाखाली तिचे कण काचेसारखे तीक्ष्ण व दातेरी दिसतात आणि ते कामगारांच्या आरोग्यास बाधक ठरतात, असे त्यांचे निरीक्षण होते. पुढच्याच वर्षी लंडनमधील डॉ. माँटेग्यू मरे यांच्याकडे पिंजणखात्यातील एक तेहतीस वर्षांचा कामगार आला. तो कामाला लागला तेव्हा त्या खोलीत असलेल्या दहा जणांपैकी आपण एकटेच हयात आहोत, असे त्याने सांगितले. तोही पुढे दगावला आणि शवविच्छेदनात त्याच्या फुप्फुसात तंतू सापडले. मरे यांनी हे १९०६ साली शासकीय समितीपुढे मांडले, परंतु त्यावरून कोणतीही कार्यवाही झाली नाही.

रॉचडेल येथील टर्नर ब्रदर्सच्या कारखान्यात काम करणाऱ्या नेली केर्शॉ हिचा १९२४ साली वयाच्या तेहतिसाव्या वर्षी मृत्यू झाला. कंपनीने जबाबदारी नाकारली. डॉ. विल्यम कूक यांनी तिच्या फुप्फुसांची तपासणी केली असता त्यात क्षयाच्या जुन्या खुणा तर आढळल्याच, परंतु त्याखेरीज दाट तंतुमयता आणि खनिजाचे कणही आढळले. कारखान्यातील धुळीच्या नमुन्याशी त्यांनी ते कण ताडून पाहिले व ही माहिती ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केली. १९२७ साली त्यांनीच या रोगाला 'फुप्फुसाचा ॲस्बेस्टॉसिस' हे नाव दिले. कूक यांनी क्षयापाशी थांबून अहवाल पूर्ण केला असता तर रोगाचे नाव कदाचित आणखी काही वर्षे लांबले असते.

त्यानंतर ब्रिटिश शासनाच्या आदेशावरून मेरेवेदर व प्राइस यांनी ३६३ कामगारांची तपासणी केली. १९३० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालानुसार सुमारे चौथा हिस्सा कामगारांना ॲस्बेस्टॉसिस झालेला होता. परंतु या सरासरीपेक्षा अधिक बोलका तपशील वेगळाच आहे. वीस वर्षांहून अधिक काळ काम केलेल्यांत हे प्रमाण पाचापैकी चार इतके होते. काळ हाच या रोगाचा मुख्य घटक आहे, हे तेव्हाच आकड्यांत उमटले होते. १९३१ साली ब्रिटनने धूळनियंत्रणाचे नियम केले.

१९५५ साली रिचर्ड डॉल यांनी किमान वीस वर्षे संपर्कात असलेल्या ११३ पुरुष कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्यात फुप्फुसाच्या कर्करोगाने एखादाच मृत्यू अपेक्षित असताना प्रत्यक्षात ११ झाले होते. १९६० साली वॅग्नर, स्लेग्ज व मार्शंड यांनी दक्षिण आफ्रिकेच्या उत्तर केप भागातील मेसोथेलिओमाचे ३३ रुग्ण नोंदविले. त्यांतील अनेकांनी खाणीत कधीच काम केले नव्हते. ते निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणींच्या परिसरात लहानाचे मोठे झाले होते. १९६५ साली न्यूहाऊस व थॉम्पसन यांनी लंडनमधील रुग्णांचे पूर्वायुष्य खोदून काढले, तेव्हा त्यांत कारखान्यापासून अर्ध्या मैलाच्या आत राहणारे रहिवासी निघाले आणि कामगारांचे धुळीने माखलेले कपडे घरी धुणाऱ्या स्त्रियाही निघाल्या. हजेरीपटावर ज्यांचे नाव कधीच नव्हते अशी ही माणसे होती. त्यांना हुडकून काढणे केवळ पूर्वायुष्याची बारकाईने विचारपूस केल्यामुळेच शक्य झाले.

सुप्तकाळ आणि न्याय

कायद्याला कालमर्यादा लागते, रोगाला ती लागत नाही. इटलीतील कासाले मोन्फेरातो या गावाचे उदाहरण या संदर्भात उद्‌बोधक आहे. तेथे १९०७ ते १९८६ या काळात एतेर्निट कंपनीचा ॲस्बेस्टॉस सिमेंटचा कारखाना चालला. कामगारांबरोबरच गावातील शिक्षक, दुकानदार, गृहिणी यांनाही मेसोथेलिओमा झाला आणि कारखाना बंद होऊन अनेक वर्षे लोटल्यानंतरही नवे रुग्ण आढळत राहिले. तुरिन येथील न्यायालयाने २०१२ साली कंपनीच्या माजी सूत्रधारांना पर्यावरणीय आपत्ती घडविल्याबद्दल सोळा वर्षांची शिक्षा सुनावली. परंतु २०१४ साली इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. गुन्ह्याचा काळ १९८६ मध्ये कारखाना बंद झाला तेव्हापासून मोजावयाचा व त्यामुळे खटल्याची मुदत उलटून गेली आहे, असे त्याचे कारण होते. मुदत संपली त्या सुमारासही त्याच गावात त्याच धुळीने माणसे मरत होती. पुढे मनुष्यवधाच्या आरोपांखाली नव्याने खटले चालवावे लागले.

वापर थांबल्यानंतरही मृत्यू थांबत नाहीत, हे ब्रिटनच्या आकडेवारीवरूनही दिसते. तेथे १९९९ साली ॲस्बेस्टॉसवर संपूर्ण बंदी आली. तरीही एकविसाव्या शतकातील बहुतेक वर्षांत तेथे वर्षाला दोन हजारांहून अधिक मृत्यू मेसोथेलिओमामुळे होत आले आहेत. हे मृत्यू प्रामुख्याने १९६० व १९७० च्या दशकांतील संपर्काचे फलित होत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार कामाच्या ठिकाणी झालेल्या ॲस्बेस्टॉसच्या संपर्कामुळे जगात दरवर्षी दोन लाखांहून अधिक लोक मृत्युमुखी पडतात.

भारतातील स्थिती

भारतात ॲस्बेस्टॉस सिमेंटचे उत्पादन १९३० च्या दशकात सुरू झाले. राजस्थान, आंध्र प्रदेश आणि आजच्या झारखंडमधील चाईबासाजवळील रोरो टेकड्या येथे खाणी होत्या. केंद्र शासनाने १९८६ साली नवे खाणपट्टे देणे थांबविले व १९९३ साली जुन्यांचे नूतनीकरणही बंद केले. येथे एक विसंगती लक्षात येते. जे खनिज देशाच्या भूमीतून काढणे धोक्याचे ठरले, ते परदेशातून आणणे मात्र चालूच राहिले. रशिया, ब्राझील, कझाकस्तान आणि पूर्वी कॅनडा या देशांतून क्रायसोटाइल आयात होत आले असून अलीकडच्या दशकात ही आयात साधारणतः वर्षाला तीन लाख टनांहून अधिक राहिली आहे. जगातील सर्वांत मोठ्या आयातदारांत भारताची गणना होते. कॅनडातील शेवटच्या खाणी २०११ साली थांबल्या आणि २०१८ साली त्या देशाने बंदी घातली. तेथील 'ॲस्बेस्टॉस' याच नावाच्या गावाने २०२० साली आपले नावही बदलून टाकले. ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली देशांतर्गत वापरावर बंदी आणली, तरी निर्यातीसाठीचे उत्खनन पुढेही चालू राहिले.

एवढ्या मोठ्या वापराच्या तुलनेत भारतात ॲस्बेस्टॉसजन्य विकारांच्या अधिकृत नोंदी अत्यल्प आहेत. यावरून भारतीय फुप्फुसे अधिक कणखर आहेत असा निष्कर्ष कोणी काढणार नाही. रोग दिसत नाही याचे कारण तो शोधला जात नाही, हे होय. त्याची उकल मुंबईच्या उदाहरणाने करता येईल. वाफेवर चालणाऱ्या कोणत्याही मोठ्या उद्योगात बॉयलर व नळ्यांवर ॲस्बेस्टॉसचे आवरण असे आणि दुरुस्तीच्या वेळी ते खरवडून नव्याने लेपावे लागे. गिरण्यांची बॉयलर खाती, रेल्वेची वाफेची इंजिने, गोदीतील जहाजे आणि दारूखान्यात तोडली जाणारी जुनी जहाजे ही सर्व त्या धुळीची स्थाने होत. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि अनेक कामगार रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा येथील आपापल्या गावी परतले. अशा एखाद्या कामगाराला १९९५ वा २००५ साली दम लागू लागला असेल, तर तो गावच्या दवाखान्यात गेला असेल. तेथे त्याच्या थुंकीची तपासणी झाली असेल, क्षयावरील औषधे सुरू झाली असतील किंवा 'दमा' असे लिहून औषध दिले गेले असेल. तीस वर्षांपूर्वी तो कोणत्या खात्यात होता, हा प्रश्न केसपेपरवर विचारलेला नसतो. विचारला तरी त्याला दुजोरा देणारे दफ्तर गिरणीबरोबरच नाहीसे झालेले असते.

सर्वोच्च न्यायालयाने नेमका हाच दुवा ओळखला होता. अहमदाबादच्या ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्राने दाखल केलेल्या याचिकेवर २७ जानेवारी १९९५ रोजी दिलेल्या निकालात न्यायालयाने कामगाराचे आरोग्य हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे घोषित केले. ॲस्बेस्टॉस उद्योगांना देण्यात आलेल्या निर्देशांपैकी पहिला निर्देश नोंदींविषयीचा होता. प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरीच्या प्रारंभापासून किमान चाळीस वर्षे किंवा नोकरी संपल्यानंतर पंधरा वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोपर्यंत जतन करावयाची होती. याखेरीज तंतू मोजण्यासाठी मेम्ब्रेन फिल्टर चाचणी, कामगारांचा विमा आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या निकषांनुसार नियमांचा वेळोवेळी फेरविचार असे अन्य निर्देश होते. संबंधित कामगारांची राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेकडून फेरतपासणी करून बाधित आढळणाऱ्यास एक लाख रुपये भरपाई देण्याचाही आदेश होता. चाळीस वर्षांची ही मुदत वैद्यकशास्त्राने सांगितलेल्या सुप्तकाळाशी जुळणारी आहे, आणि भारतीय श्रमविषयक न्यायनिर्णयांत ती एक दूरदर्शी तरतूद मानावी लागेल.

अंमलबजावणी मात्र त्या तोडीची झाली नाही. निर्देश संघटित कारखान्यांना उद्देशून होते. पत्रा कापणारा गवंडी, ब्रेक घासणारा गॅरेजमधील मुलगा, इमारत पाडणारा रोजंदारी मजूर यांचा कोणताही हजेरीपट नसतो, मग आरोग्यपट कोठून असणार? २०११ साली कल्याणेश्वरी विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने संपूर्ण बंदीची मागणी फेटाळली, तथापि १९९५ च्या निर्देशांचे पालन व्हावे असे पुन्हा बजावले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा ॲस्बेस्टॉसविषयक १९८६ चा करार भारताने स्वीकारलेला नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाची जागा आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. ॲस्बेस्टॉसिस हा पूर्वीप्रमाणेच या संहितेतही अधिसूचित रोग आहे.

कारखाने अधिनियमाखाली क्रायसोटाइलसाठी दर मिलिलिटर हवेत एक तंतू अशी मर्यादा होती. ही मर्यादा ऐकताना फार कडक वाटते. मध्यम श्रमाचे काम करणारा माणूस आठ तासांत सुमारे दहा घनमीटर, म्हणजे एक कोटी मिलिलिटर हवा आत घेतो. मर्यादा काटेकोरपणे पाळली तरीही एका पाळीत एक कोटी तंतू त्याच्या श्वासात जाऊ शकतात. ब्रिटन व अमेरिकेत ही मर्यादा याच्या एक दशांश आहे आणि युरोपीय संघाने २०२३ च्या निर्देशाने ती आणखी दहा पटींनी खाली आणली आहे.

पांढऱ्या ॲस्बेस्टॉसचा वाद

क्रायसोटाइल हे तुलनेने निरुपद्रवी असून योग्य काळजी घेतल्यास ते सुरक्षितपणे वापरता येते, असा युक्तिवाद उत्पादक देश व उद्योग दीर्घकाळ करीत आले आहेत. त्यात सत्याचा अंश आहे. क्रायसोटाइलचे तंतू फुप्फुसातून लवकर निघून जातात आणि मेसोथेलिओमा निर्माण करण्याची त्याची क्षमता निळ्या प्रकारापेक्षा कमी आहे. परंतु 'कमी घातक' म्हणजे 'सुरक्षित' नव्हे. फुप्फुसाचा कर्करोग व ॲस्बेस्टॉसिस क्रायसोटाइलमुळेही होतात आणि ज्याखाली कर्करोगाचा धोका नाही अशी कोणतीही पातळी सिद्ध झालेली नाही. तरीही रॉटरडॅम कराराच्या यादीत अँफिबोल प्रकार समाविष्ट असताना क्रायसोटाइलचा समावेश २००६ पासून प्रत्येक वेळी मोजक्या देशांच्या विरोधामुळे अडला आहे. या यादीत नाव येणे म्हणजे बंदी नव्हे. आयात करणाऱ्या देशाला धोक्याची पूर्वसूचना देणे एवढाच त्याचा अर्थ आहे. विरोध सूचनेलाच आहे, ही बाब विचार करण्यासारखी आहे.

घर, शाळा आणि महाविद्यालय

बसविलेला, न फुटलेला पत्रा घरात राहणाऱ्यास लगेच धोका पोहोचवतो, असे म्हणणे शास्त्रीय दृष्ट्या बरोबर होणार नाही. सिमेंटमध्ये तंतू घट्ट बांधलेले असतात. धोका पत्रा कापताना, भोक पाडताना, घासताना व फोडताना उद्‌भवतो, तसेच अनेक पावसाळ्यांनंतर पृष्ठभाग झिजून तंतू उघडे पडल्यावरही उद्‌भवतो. जून २०२० मधील निसर्ग चक्रीवादळात रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांत असंख्य घरांची छपरे उडाली. अशा आपत्तीनंतर फुटलेल्या पत्र्यांचे तुकडे हातांनी गोळा करणे, रस्त्याच्या खड्ड्यात भर म्हणून टाकणे, कोरड्या झाडूने चुरा झाडणे हे सर्व सहजपणे घडते. पत्रा पाण्याने भिजवून घेणे, विजेच्या करवतीने न कापणे, चुरा ओल्या फडक्याने टिपणे, तुकडे जाड प्लास्टिकमध्ये बांधणे आणि कपडे वेगळे धुणे या साध्या खबरदारीने संपर्क पुष्कळ कमी होतो. साधा कापडी रुमाल मात्र या तंतूंना अडवू शकत नाही.

महाविद्यालयांत आणखी एक विस्मरणात गेलेले स्थान आहे. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत तिवईवर ठेवावयाच्या तारेच्या जाळीच्या मध्यभागी पूर्वी ॲस्बेस्टॉसचा पांढरा गोल थर असे. विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी त्यावर चंचुपात्र तापविले आहे. वारंवार तापून तो थर ठिसूळ होई आणि त्याच्या खपल्या टेबलावर पडत. त्या हाताने झाडून टाकण्याचे काम प्रयोगशाळा परिचराचे असे. आता सिरॅमिक थराच्या जाळ्या मिळतात. तथापि जुन्या जाळ्या, ॲस्बेस्टॉसचे हातमोजे, भट्टीच्या दाराभोवतीचे दोर व टेबलावर अंथरलेले तक्ते जुन्या प्रयोगशाळांच्या कपाटांत अद्याप असू शकतात. अशा वस्तू झटकू वा धुऊ नयेत. त्या ओलसर करून दुहेरी पिशवीत बंद कराव्यात, पिशवीवर आतील वस्तूचे नाव लिहावे आणि निर्लेखनानंतर त्या भंगारवाल्यास न देता घातक कचऱ्याची विल्हेवाट लावणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडे सोपवाव्यात. डेडस्टॉक रजिस्टरात त्यांची संख्या व खरेदीचे वर्ष बहुधा सापडेल. त्याच पानावर त्या काळात प्रयोगशाळेत काम केलेल्या परिचरांची नावे व सेवेची वर्षे लिहून ठेवल्यास, त्यांच्यापैकी कोणी पुढे छातीच्या विकारासाठी रुग्णालयात गेल्यावर डॉक्टरांना दाखविता येईल असा एक कागद तरी उपलब्ध राहील.